‘मदतीच्या पेशात येणाऱ्यांच्या मनात पूर्वग्रह नसतो’ म्हणे!

समाजकार्य, नर्सिंग, समुपदेशन शिकणारी मुलं मुळातच संवेदनशील. सर्व्हेही तेच सांगतात. म्हणून गे-लेस्बियन हक्कांवर वेगळं शिकवायला नको, आणि कुणाला अवघड वाटलंच तर त्यानं क्लायंट दुसऱ्याकडे पाठवावा. असा दावा सर्रास फिरतो आहे.

‘मुळातच संवेदनशील.’ समलैंगिकतेला आजारांच्या यादीत बसवणारे मानसोपचारतज्ज्ञही मदतीच्याच पेशातले होते. अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेनं ती यादीतून काढली १९७३ मध्ये.

‘सर्व्हे सांगतात.’ कोणती प्रश्नावली? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी हेरेक यांची या कामी नेहमी वापरली जाणारी प्रश्नावली १९८०च्या दशकातली आहे: २० विधानं, १० गे पुरुषांबद्दल, १० लेस्बियन स्त्रियांबद्दल. त्यातल्या उघड तिरस्काराच्या विधानांना आजचा विद्यार्थी सहसा होकार देत नाही. सगळे एकाच टोकाला गोळा होतात आणि फरक दिसेनासा होतो. शिवाय तिरस्कार नसणं म्हणजे हक्क मान्य असणं नव्हे. ब्रिटनमधल्या १५ विद्यापीठांतल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास २००२ मध्ये छापून आला. त्यात उघड नकारात्मक मत थोड्यांचंच होतं, हक्कांना पाठिंबा मात्र तेवढा एकमुखी नव्हता. ‘समान हक्क हवेत का?’ असं मोघम विचारलं की माना डोलतात. म्हणून प्रश्नावलीत दत्तक, मुलांचा ताबा, वारसा, रुग्णालयात जोडीदाराच्या वतीनं निर्णय, या प्रत्येकाचं विधान वेगळं ठेवा. गे पुरुषांबद्दलच्या आणि लेस्बियन स्त्रियांबद्दलच्या विधानांच्या गुणांची एकच सरासरी काढू नका. भिन्नलिंगी पुरुषांचं मत गे पुरुषांबद्दल जास्त कठोर असतं, ते सरासरीत बुडतं. काही विधानं बाजूनं, काही विरोधात असतात; त्यातल्या उलट्या विधानांचे गुण फिरवायचे राहिले तर अख्खा निकाल वाया. आणि २५ जणांच्या वर्गात वय, लिंग, धर्म विचारून शिक्षकच कागद गोळा करणार असतील, तर निनावीपण उरलं कुठे?

‘दुसऱ्याकडे पाठवावा.’ अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनची २०१४ची आचारसंहिता केवळ स्वतःच्या मूल्यांपायी असं करायला मनाई करते. कौशल्य कमी पडलं तर गोष्ट वेगळी. तिथेही आधी पर्यवेक्षकाशी बोलायचं. मोठ्या मुश्किलीनं बोलत्या झालेल्या माणसाला हे पाठवणं नकारच वाटतो.

‘एखादं व्याख्यान पुरेल,’ अशी तडजोडही सुचवली जाते. व्याख्यानानंतर लगेच चाचणी घेतली तर फक्त अपेक्षित उत्तर पाठ झालेलं कळतं. ३ महिन्यांनी रोल-प्ले घ्या, म्हणजे एकानं क्लायंट व्हायचं आणि विद्यार्थ्यानं त्याच्याशी बोलायचं. क्लायंट स्त्री असेल तर विद्यार्थी तिला ‘मिस्टर काय करतात?’ विचारतो की ‘घरी कोण कोण असतं?’, आणि क्लायंटच्या घरी फोन करण्याआधी तिथे काय सांगितलेलं चालेल हे विचारून घेतो का, ते बघा.