तळ्याकाठी जाताना कुकर विसरू नका

शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला उन्हाळ्यात एक तरी तळं लागतं. मिशिगन सरोवरासारखा समुद्रच उशाशी आहे, पण तिथे जायला तासभरही लागत नाही, आणि तासाभरात पोचलं की ट्रिप झाल्यासारखी वाटत नाही. तेव्हा तुम्ही सरळ तीन तास गाडी हाका आणि विस्कॉन्सिनमध्ये बाराबू गावाजवळच्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्कला जा. त्या राज्यातलं सगळ्यात गर्दीचं स्टेट पार्क आहे. म्हणजे निसर्गाच्या कुशीत ओळखीचं कोणीतरी भेटणारच.

तंबूच्या जागेचं बुकिंग अकरा महिने आधी उघडतं. पुढच्या जुलैत कोणाची नोकरी टिकलेली असेल, कोणाच्या सासूबाई भारतातून आलेल्या असतील, कोण कोणाशी बोलत असेल, हे सगळं यंदाच्या गणपतीच्या सुमारास ठरवायला हवं. त्यासाठी व्हॉट्सॅपवर ग्रुप काढा. दहा कुटुंबं ‘नक्की!’ म्हणतील, त्यांतली चार येतील. बुकिंग करणारा माणूस मात्र तुम्ही होऊ नका. त्याला नंतर संडास लांब का, सावली कमी का आणि डास कोणी बोलावले, या सगळ्याची उत्तरं द्यावी लागतात. तुम्ही ग्रुपवर अंगठ्याचं चित्र टाका आणि गप्प बसा.

निघायचं ‘पहाटे सहाला’. ते मराठी सहा असल्यामुळे साडेनवाला निघाल. उन्हाळ्यातल्या शनिवारी तिथलं पार्किंग सकाळीच भरत येतं, पण त्याची चिंता आत्ता नको, अजून कोथिंबीर चिरायची आहे. आत शिरायला गाडीला पास लागतो आणि इलिनॉयची, म्हणजे आपल्या शिकागोच्या राज्याची, नंबरप्लेट असली की तो महाग पडतो. हे वडिलांना सांगू नका. ते रुपयांत हिशोब करतात आणि तो वाटेतलं मॅडिसन शहर येईपर्यंत संपत नाही.

सामानाबद्दल पार्कचा एक नियम फार कडक आहे : सरपण बाहेरून आणायचं नाही. ते दहा मैलांच्या आतलं आणि विस्कॉन्सिनमधलंच हवं, नाहीतर प्रमाणपत्र असलेलं. लाकडातून अॅशची झाडं पोखरणारी हिरवी कीड पसरते. आपल्याला हा नियम अजिबात जाचत नाही, कारण लाकूड सोडून घरातलं बाकी सगळं आपण नेतोच. दोन बर्नरची शेगडी, पाच लिटरचा कुकर, पोळपाट (लाटणं घरी राहतं, पोळ्या बाटलीने लाटतात), मिसळीची तर्री वेगळ्या डब्यात, फरसाण, सोलकढी, हवा भरायची गादी, ती भरायचा पंप आणि आईला गादी चालत नाही म्हणून सतरंजी. तंबू विसरलात तरी चालेल. शेजारच्या जागेवर कोणीतरी मराठीच असतं.

जागेचं नाव ऐकून आई म्हणेल, ‘सैतानाचं तळं? दुसरं नाव मिळालं नाही यांना?’ तिला सांगा की मिळालं होतं. इथल्या हो-चंक लोकांसाठी हे पवित्र तळं, आत्म्यांचं ठिकाण. गोरे लोक आले, त्यांनी भाषांतर केलं आणि आत्म्याचा सैतान झाला. आई क्षणभर विचार करून म्हणेल, ‘म्हणजे आपल्या म्हसोबासारखं,’ आणि काठावर जाऊन चप्पल काढेल. एवढं नेमकं उत्तर माहितीपत्रकात मिळत नाही. दक्षिण काठाजवळ पक्ष्याच्या आकाराचा मातीचा एक उंचवटा आहे, हजारएक वर्षांपूर्वी याच भूमीवरच्या माणसांनी घडवलेला. सपाट, मऊ आणि मोक्याची जागा वाटली तरी त्यावर सतरंजी पसरू नका. एवढा एकच सल्ला मी मनापासून देतेय.

बाकी निसर्ग बघायची घाई नको. तळ्याच्या दोन्ही बाजूंना 500 फुटी कडे आहेत, जांभळट गुलाबी क्वार्टझाइटचे. त्या दगडाचं वय 160 कोटी वर्षांहून जास्त आहे. तो अजून काही वर्षं थांबेल, पोहे थांबणार नाहीत. ‘आमच्या सह्याद्रीपुढे हे काय!’ असं कोणी म्हणालं तर मान डोलवा. सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे या दगडापुढे काल मुंज झालेला बटू, हे पोटात ठेवा. सिंहगड चढलेल्या माणसाला बॅलन्स्ड रॉकच्या दगडी पायऱ्यांखाली अशी आकडेवारी ऐकवू नये. तो आधीच गुडघा धरून ‘व्ह्यू बघतोय’.

पाण्यात उतरणाऱ्यांसाठी जीवरक्षक नसतो. ते काम चार आज्या काठावरून करतात. ‘ए, पुढे जाऊ नको!’ हे वाक्य मुलं घोट्याएवढ्या पाण्यात असल्यापासून सुरू होतं. या तळ्यावर पेट्रोलच्या इंजिनाची बोट चालवायला बंदी आहे. वल्ही मारा किंवा बॅटरीवर चालवा. त्यामुळे तिथे एवढी शांतता असते की समोरच्या काठावरचं बोलणं ऐकू यावं, आणि कडे दोन्ही बाजूंना असल्याने त्याचा प्रतिध्वनीही यावा. अशा जागी ‘अगं, वरणात मीठ घातलंस का?’ हा प्रश्न पूर्व कड्यावर आपटून पश्चिमेला गेला. वर कड्यावर दोर लावून चढणाऱ्या एका मुलाने खाली वळून पाहिलं. उत्तर त्यालाही माहीत नव्हतं.

रात्री खाऊ गाडीत बंद करा, असं सगळीकडे सांगतात. करू नका. सकाळी शीतपेटीचं झाकण उघडं, भाकरवडीचं पाकीट फाडलेलं आणि शेपूचा डबा जसाच्या तसा, हे दृश्य पाहिल्याशिवाय रॅकून हा किती चोखंदळ प्राणी आहे हे कळत नाही.

आता वडिलांची व्यवस्था. आमचे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. अशा माणसाला तळं दाखवणं म्हणजे हलवायाला कढई दाखवणं. ‘साठा किती टीएमसी?’ (म्हणजे किती अब्ज घनफूट) हा पहिला प्रश्न. क्षेत्रफळ 360 एकरांच्या आसपास, सगळ्यात खोल जागी 47 फूट. त्यांनी तोंडीच गुणाकार केला. ‘एकसुद्धा भरत नाही. खडकवासल्यात जवळजवळ दोन मावतं, कोयनेत 105. आणि यासाठी तुम्ही अकरा महिने आधी बुकिंग केलंत?’

मी चूक केली. हे तळं झालं कसं, ते सांगितलं. पूर्वी या खिंडीतून नदी वाहायची. हिमयुगात हिमनदी आली आणि तिने खिंडीच्या दोन्ही तोंडांशी दगडमातीचे ढीग टाकून बुचं मारली. मध्ये पाणी कोंडलं. बाबा ताठ बसले. ‘म्हणजे दोन्हीकडे मातीचं धरण! डिझाइन नाही, टेंडर नाही. सांडवा कुठाय?’

जादा पाणी बाहेर पडायची वाट कुठे आहे, हे कोणाला माहीत नव्हतं. आम्ही पत्ते पिसत होतो. बाबांनी कानटोपी घातली (जुलैत), पाण्याची बाटली घेतली आणि निघाले.

इथे तुम्ही माझ्यासारखंच करा : म्हाताऱ्या माणसाला एकटं जाऊ द्या आणि नंतर काळजी करा. सहा वाजले, सात वाजले. या मधल्या वेळात आम्ही चौतीस फोटो काढले. त्या सगळ्यांत तळं आमच्या पाठीमागे आहे, आणि पुढे आमचीच डोकी असल्यामुळे ते तळं आहे यावर भारतातल्या नातेवाइकांचा विश्वास बसला नाही. साताऱ्याहून काकांचा मेसेज आला : ‘छान! लग्न कोणाचं?’

बाबा पावणेनऊला आले, शेवटच्या उजेडात. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. उत्तरेचा ढीग बघितला, पश्चिम कड्याखालून दगडांवरून गेले, दक्षिणेचा बघितला, रेल्वेच्या रुळांच्या कडेने परतले. वाटेत गिधाडं दिसली. एका कॅनोवाल्याने थांबून विचारलं की हरवलात का. ते म्हणाले, ‘नो नो, इन्स्पेक्शन.’

‘मग?’ आईने विचारलं.

‘सांडवा नाही. चारी बाजू बघितल्या. पाणी कुठूनच बाहेर पडत नाही.’

‘मग जातं कुठे?’

‘काही मुरतं, काही उडतं.’ ते खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच तळ्याकडे तोंड करून बसले. ‘पंचवीस वर्षं सांडव्याच्या दारांवर काढली मी. याला दारच नाही.’

मग त्यांना पुण्याच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावायचा होता. तिकडे सकाळ होती. तासभर दोघे मातीच्या बुचातून पाझर किती असेल यावर भांडले. ताट तसंच राहिलं. भात संपला होता आणि वरण गार. पार्कात रात्री अकरा ते पहाटे सहा आवाज करायचा नसतो. घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

आईने कुकर लावला. ‘तीन शिट्ट्या,’ ती म्हणाली, ‘अकराच्या आत होतात.’