‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर: म्हणे तळं कोर्टानं दिलं!

स्पष्टवक्ता महोदय (खरं नाव का लपवता, ते विचारत नाही),

महाडच्या चवदार तळ्यावरचा अस्पृश्यांचा अहिंसक सत्याग्रह, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘चवदार तळं शेवटी कोर्टानं दिलं, ओंजळभर पाणी पिऊन काही झालं नाही. पंख्याखाली बसून अहिंसेचे गोडवे गाणं सोपं असतं.’ मुद्दा मांडा की, पण ही भाषा कशाला? लेख लांबला हे मान्य. दोन परिच्छेद सहज गाळता आले असते.

आधी पंख्याचं बघू. गावच्या नळयोजनेसाठी आम्ही कचेरीच्या दारात भर मे महिन्यात रिकामे हंडे घेऊन बसलो होतो. बायका हंडे बडवायला लागल्या तशी आतल्या कारकुनानं खिडकी लावून घेतली. पोलिसाची काठी माझ्याही पोटरीवर बसली आहे. तेव्हा हे मला शिकवू नका. आणि हो, नळ आले.

आता कोर्ट. तिथे गेलं कोण, हे तरी बघायचंत! डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावला तो सवर्णांनी, तळं खासगी आहे म्हणून. बाबासाहेब प्रतिवादी होते. लोक तळ्यावर गेलेच नसते, तर दावा लावला कुणावर असता? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा, असं सांगणारा मुंबई विधिमंडळाचा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं खुलं असल्याचा ठरावही केला होता. तो दप्तरात पडून राहिला, पाण्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेला आलेली हजारो माणसं बाबासाहेबांबरोबर पाणी प्यायला पायऱ्या उतरली. नंतर तळ्याच्या ‘शुद्धी’साठी १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतलं गेलं. काहीच झालं नव्हतं, तर हा खटाटोप कशापायी?

त्याच दिवशी वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि जेवणाच्या मांडवात, रस्त्यात परिषदेच्या लोकांवर लाठ्या पडल्या. त्या लोकांत पलटणीतून आलेले गडी होते, उलटून मारायला त्यांना नुसता इशारा पुरला असता. बाबासाहेबांनी तो दिला नाही. म्हणून खटले झाले ते हल्लेखोरांवर, शिक्षाही त्यांनाच. हल्लेखोरांची डोकी फुटली असती तर पुढची दहा वर्षं दंगलीचे आरोपी सोडवण्यात गेली असती, आणि मग तुमच्या त्या हायकोर्टाला १९३७ मध्ये तळ्याचा निकाल द्यायची वेळच आली नसती. पण एवढं वाचायला सवड हवी, प्रतिक्रिया ठोकायला लागत नाही.

काळाराम मंदिराची दारं वर्षानुवर्षं सत्याग्रह करूनही उघडली नाहीत, नर्मदेचं धरण झालंच, वगैरे तुम्ही पुढे लिहिलंय. हे सगळं चावून चोथा झालेलं आहे. त्यावर सवडीनं लिहीन.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी पाठवा. निनावी आली तर इथे दिसणार नाही.