‘सोलापुरात बघण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘सोलापुरात एक देऊळ, एक पडका किल्ला. तासाभरात उरकतं. चादर, शेंगाचटणी घ्या आणि तुळजापूर गाठा.’ चादर-चटणी जरूर घ्या. बाकीचं मला पटत नाही.

‘एक देऊळ.’ तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ फोटोत मावतं. पण बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापली, ती कुठे मावणार? सिद्धेश्वराच्या वार्षिक यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त उंच नंदीध्वज पेलत त्या लिंगांना प्रदक्षिणा घालतात. एका कुंभारकन्येला सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचं होतं. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायला सांगितलं, अशी कथा आहे. तेच लग्न दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास लागतं. देवळाजवळच्या संमती कट्ट्यापाशी भर उन्हात उभं राहून बघा. संमती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं, वाचली जाते, चहूबाजूंनी अक्षता पडतात, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’चा गजर होतो आणि माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो. जानेवारीत जमत नसेल, तरी कट्टा बघितल्याशिवाय देवळातून परतू नका.

‘पडका किल्ला.’ बहमनी काळातला हा भुईकोट. एका अंगाला तळं, बाकी तिन्ही बाजूंना खंदक, दुहेरी तट. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तो पेशव्यांच्या फौजेकडून घेतला. आत पडझड आहे. तट मात्र खणखणीत आहेत.

‘तासाभरात उरकतं.’ चार पुतळ्यांपाशी रिक्षा थांबवून नावं तरी वाचा : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं आणि काही दिवस इंग्रजांचा अंमल इथे उरलाच नाही. मग मार्शल लॉ आला. या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. गड्डा तोंडावर आला होता.

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारकही आहे. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली गेलेले कोटणीस इथलेच.

आणि तुळजापूरला जाण्याएवढाच वेळ काढून कधी हत्तरसंग कुडलला जा. भीमा-सीनेच्या संगमावरच्या देवळात शके ९४० चा शिलालेख आहे : ‘वाछितो विजेया होईवा’, म्हणजे वाचील तो विजयी होईल. मराठीतल्या सर्वांत जुन्या वाक्यांपैकी हे एक. सोबत बॅटरी न्या, अक्षरांवर तिरपा उजेड पाडा आणि मोठ्याने वाचा.