लॉकडाऊन, फ्लेमिंगो आणि ‘शुद्ध’ ठाणे खाडी: एका फॉरवर्डला उत्तर

नवी मुंबईच्या पाणथळीवर गुलाबी थवे उतरले की २०२० सालचा एक मजकूर दरवर्षी नव्यानं फिरायला लागतो. आशय असा: माणूस घरात बसला, कारखाने थांबले, ठाण्याची खाडी शुद्ध झाली. म्हणून दीड लाख फ्लेमिंगो आले, एरवीच्या कितीतरी पट. त्यांचा रंगही पूर्वी कधी नव्हता इतका गुलाबी होता. फ्लेमिंगो स्वच्छ पाण्यातच उतरतात, हाच पुरावा. लॉकडाऊन उठला आणि पक्षी निघून गेले.

यात चुका सहा-सात आहेत. काही दोन ओळींत संपतात, काहींसाठी प्रयोगशाळेत शिरावं लागतं.

आधी तारखा. देशभरचा लॉकडाऊन २४ मार्च २०२० च्या मध्यरात्री लागू झाला. मुंबईत फ्लेमिंगो ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येऊ लागतात, डिसेंबर-जानेवारीपर्यंत मोठे थवे स्थिरावतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर निघतात. म्हणजे एप्रिलमध्ये ज्यांचे फोटो गाजले ते पक्षी घोषणेच्या कित्येक महिने आधीपासून इथे चरत होते. शिवडीच्या चिखलावर ते १९९० च्या दशकापासून दिसतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, आणि ते काही कोणी भविष्य पाहून केलं नव्हतं. एप्रिल २०२० मध्ये नवीन होता तो प्रेक्षक. सीवूड्स-नेरूळच्या उंच इमारतींतली माणसं दिवसभर घरी होती, खिडकीत उभी होती आणि हातात मोबाइल होता.

आता ‘कितीतरी पट’. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) गणनेत २०१९ च्या सुरुवातीलाच मुंबई परिसरातला आकडा लाखाच्या पुढे गेला होता. लाखावरून दीड लाख ही वाढ असू शकते, पण कितीतरी पट नव्हे. आणि ती वाढ खरी की मोजणीतली, हे ठरवायला मोजणी कशी होते ते पाहावं लागतं.

ओहोटीला पक्षी मैलोगणती चिखलावर विखुरतात. भरतीला, विशेषतः उधाणाच्या भरतीला, चिखल पाण्याखाली जातो आणि तेच पक्षी नेरूळ, सीवूड्स, भांडुप इथल्या पाणथळींवर दाटीनं उभे राहतात. सकाळी ऐरोलीला दिसलेला थवा तीन तासांनी नेरूळला असू शकतो. दोन ठिकाणी दोन वेगळ्या वेळी मोजून बेरीज केली तर तोच पक्षी दोनदा धरला जातो. म्हणून सगळ्या ठिकाणी एकाच दिवशी, भरतीच्या एकाच अवस्थेत मोजतात. आधी दुर्बिणीतून १०० पक्ष्यांचा एक तुकडा खरोखर मोजायचा, त्यानं व्यापलेली जागा डोळ्यात बसवायची आणि तेवढे तुकडे थव्यात किती बसतात ते पाहायचं. दाट थव्यात मागचे पक्षी पुढच्यांआड लपतात, त्यामुळे अंदाज बहुधा कमी येतो. म्हणूनच दोघांनी एकमेकांना न सांगता मोजायचं आणि काही भागांचे फोटो काढून पडद्यावर एकेका पक्ष्यावर ठिपका ठेवून पडताळायचं. मोजणीच्या जागा, महिना, भरतीची वेळ यातलं काहीही बदललं तर दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून टक्केवारी काढता येत नाही. बाल्कनीतून काढलेल्या व्हिडिओवरून तर नाहीच.

शिवाय २०१८ पासून शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचं काम सुरू होतं. शिवडीचे थवे विरळ झाले आणि खाडीच्या वरच्या अंगाला, नवी मुंबईकडे गर्दी जास्त दिसू लागली. नेरूळच्या रहिवाशाला ‘नवे’ वाटलेले पक्षी शेजारच्याच चिखलावरचे जुने असणं सहज शक्य आहे.

‘खाडी शुद्ध झाली’ हे वाक्य सगळ्यात जास्त पटतं आणि सगळ्यात कमी तपासलं जातं. खाडीत दोन प्रकारचं पाणी येतं. एक नवी मुंबईतल्या ट्रान्स ठाणे खाडी औद्योगिक पट्ट्यातलं. ते कारखाने बंद असताना काही काळ घटलं असेल. दुसरं घरगुती सांडपाणी: घाटकोपर आणि भांडुपच्या प्रक्रिया केंद्रांतलं आणि नाल्यांतून थेट उतरणारं. लोक घरात बसले म्हणून संडास-मोरीचं पाणी थांबत नाही. ऑक्सिजन खाणारा सेंद्रिय भार मुख्यतः या दुसऱ्या पाण्याचा असतो.

तरी समजा कोणी म्हणालं, ‘आम्ही मोजलं, ऑक्सिजन वाढला होता.’ मग कसं मोजलं ते विचारायला हवं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आजही विंकलर पद्धत वापरतात. ३०० मिलिची काचेची बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. मँगेनीज सल्फेट १ मिलि आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड १ मिलि, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याखाली धरून घालायचं. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. हे सगळं नावेतच, जागेवर. मग तीव्र सल्फ्युरिक आम्ल १ मिलि घालून साका विरघळवायचा आणि ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटनं, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत, टायट्रेशन करायचं. २०० मिलि नमुन्याला १ मिलि थायोसल्फेट लागलं तर लिटरला १ मिलिग्रॅम ऑक्सिजन. अझाइड असतं ते नायट्राइटसाठी. सांडपाण्यात नायट्राइट भरपूर असतं आणि अझाइडशिवाय आकडा फुगतो. उलट चिखलालगतच्या पाण्यात सल्फाइड असलं तर ते मोकळं झालेलं आयोडीन खाऊन टाकतं आणि आकडा खोटाच खाली येतो.

इतकं बिनचूक केलं तरी घड्याळ आणि पंचांग उरतंच. शैवालानं भरलेल्या पाण्यात दुपारी प्रकाशसंश्लेषण जोरात असतं, ऑक्सिजन संपृक्ततेच्याही वर जातो. पहाटे तोच तळाला गेलेला असतो, कारण रात्रभर सगळे फक्त श्वास घेतात. दुपारी दोनचा एकच नमुना पाहून गटारालाही स्वच्छतेचं प्रमाणपत्र मिळेल. भरतीला समुद्राचं पाणी आत येतं, ओहोटीला खाडीच्या वरच्या टोकाचं सांडपाणी खाली येतं. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) यांतही फरक पडतो. खारेपणाचाही हिशोब धरावा लागतो: ३० अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात सुमारे ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.२ च्या आसपास. सीओडीची, म्हणजे सेंद्रिय भार रसायनानं मोजायच्या चाचणीची, गत आणखी वाईट. तिच्यातलं डायक्रोमेट सेंद्रिय पदार्थांबरोबर क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला १९ हजार मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतं. नेहमीच्या पद्धतीत घालतात तेवढा मर्क्युरिक सल्फेट २ हजारांपर्यंतच आवरू शकतो. गोड्या पाण्याचं किट खाडीवर वापरलं की जे निघतं ते मिठाचं माप असतं.

आणि तुलना कशाशी? एखाद्या कारणाचा परिणाम दाखवायचा तर आधीचे आणि नंतरचे आकडे लागतात, शिवाय जिथे ते कारण लागू नव्हतं अशी दुसरी खाडीही लागते. लॉकडाऊन सगळीकडेच होता, म्हणजे तुलनेला जागाच नाही. निदान आधीच्या चार-पाच वर्षांच्या एप्रिलमधले, त्याच जागेचे, भरतीच्या त्याच अवस्थेचे आकडे तरी हवेत. फॉरवर्डमध्ये एकही आकडा नाही.

‘पूर्वी कधी नव्हते इतके गुलाबी’ हा दावा मला सगळ्यात आवडतो, कारण तो पेशीतल्या रसायनशास्त्राशी थेट भांडतो. पक्ष्याचं शरीर कॅरोटिनॉइड (पिवळ्या ते लाल छटांची रंगद्रव्यं) तयार करू शकत नाही, ती अन्नातून येतात. सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू), डायटम (सूक्ष्म शैवाल) आणि ते खाणारे छोटे कवचधारी जीव यांच्यातून बीटा-कॅरोटीन, झियाझँथिन अशी पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं मिळतात. पक्ष्याच्या शरीरातली एन्झाइमं त्यांच्या रेणूतल्या कड्यावर ऑक्सिजन बसवून कीटो-रूपं बनवतात: कँथाझँथिन, अ‍ॅस्टाझँथिन. लाल रंगासाठी लागणारं सीवायपी२जे१९ हे जनुक २०१६ मध्ये कॅनरी आणि झेब्रा फिंच या पक्ष्यांत ओळखलं गेलं. फ्लेमिंगोच्या पिसांत मुख्य रंगद्रव्य कँथाझँथिन.

कळीची गोष्ट अशी की हे रंगद्रव्य पीस वाढत असताना, रक्तपुरवठा चालू असताना, पिसाच्या केराटिन या प्रथिनात बसतं. पीस पूर्ण वाढलं की ती मृत ऊती. त्यानंतर पक्ष्यानं काहीही खाल्लं तरी त्या पिसात नवं रंगद्रव्य जात नाही, पुढच्या पीसगळीची वाट पाहावी लागते. उलट ऊन त्याचा रंग उडवतं. चार आठवड्यांत पाणी बदललं म्हणून थवा गुलाबी होणं शक्य नाही. एक अपवाद नोंदवायला हवा: मोठा रोहित या जातीचे फ्लेमिंगो शेपटीजवळच्या ग्रंथीतला कॅरोटिनॉइडयुक्त स्राव पिसांना चोपडतात, प्रजननकाळाच्या सुमाराला जास्त. पण त्याचा लॉकडाऊनशी संबंध नाही. फोटोत थवा गडद दिसायची कारणं साधी आहेत: राखाडी पिल्लांपेक्षा प्रौढ जास्त असणं (पिल्लाला पुरतं गुलाबी व्हायला दोन-तीन किंवा अधिक वर्षं लागतात), संध्याकाळचं ऊन, आणि मोबाइलचं रंग चढवणारं सॉफ्टवेअर.

रंग खरोखर मोजायचा तर वन विभागाच्या परवानगीनं पिसं मिळवावी लागतात. ती इथेनॉल आणि हेक्झेननं धुवायची, म्हणजे वर चोपडलेला रंग आणि तेल निघतं. बारीक कापून आम्लयुक्त पिरिडिनमध्ये ९५ अंशांवर सुमारे ३ तास ठेवायची, फ्युम हूडखालीच, कारण पिरिडिन विषारी आणि दुर्गंधी. मग पाणी आणि सेंद्रिय द्रावक घालून रंगद्रव्य वरच्या थरात ओढायचं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर (कोणत्या लांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) किंवा एचपीएलसीवर (रंगद्रव्यं वेगळी करणाऱ्या यंत्रावर) पाहायचं. बीटा-कॅरोटीनच्या आलेखाला ४५० नॅनोमीटरच्या आसपास शिखर आणि बाजूला खांदे दिसतात. कँथाझँथिनचा उंचवटा एकच, गोलसर, थोडा पुढे ४६५-४७० ला. काम मंद उजेडात आणि तपकिरी नळ्यांत करायचं. खिडकीजवळ तासभर ठेवलेला नमुना फिका पडतो आणि मग ‘यंदा रंग कमी’ असा निष्कर्ष निघतो.

राहिलं ‘फ्लेमिंगो स्वच्छ पाण्यातच उतरतात’. हे जवळपास उलट आहे. मुंबईत लहान रोहित आणि मोठा रोहित असे दोन्ही येतात, मोठ्या थव्यांत बहुसंख्य लहान. त्याच्या चोचीतल्या गाळणीची जाळी इतकी बारीक की मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान कणही अडकतात, म्हणजे सायनोबॅक्टेरिया आणि डायटम. केनियाच्या सोडा-सरोवरांत तो अर्थ्रोस्पिरा या सायनोबॅक्टेरियावर जगतो. दुकानात स्पिरुलिना म्हणून जे मिळतं, त्याच कुळातली. मोठा रोहित काही मिलिमीटरचे कवचधारी जीव, अळ्या, छोट्या गोगलगायी खातो. चिखलावरच्या शैवालाला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो, आणि मुंबईचं सांडपाणी दोन्ही मुबलक पुरवतं. नितळ, पोषकद्रव्यं नसलेल्या पाण्यात लाखभर पक्ष्यांचं पोट भरलं नसतं.

हे अन्न, म्हणजे चिखलावरचं शैवाल, त्यातल्या क्लोरोफिलवरून (हिरव्या रंगद्रव्यावरून) मोजायची रीत आहे. ओहोटीला, टोक कापलेल्या प्लास्टिक सिरिंजनं वरच्या १ सेंमी चिखलाचा गाभा घ्यायचा. ९० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये, अंधारात, ४ अंशांवर रात्रभर ठेवायचा, सेंट्रिफ्यूज करून ६६५ आणि ७५० नॅनोमीटरला वाचायचा. मग ३ मिलि अर्कात ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ०.१ मिलि घालून ९० सेकंदांनी पुन्हा वाचायचा. दुसरं वाचन विद्यार्थी हमखास टाळतात, आणि चूक तिथेच होते. गाळात मेलेल्या शैवालाचं फिओफायटिन साठलेलं असतं. आम्लाशिवाय तेही जिवंत क्लोरोफिलमध्ये जमा होतं. डायटम ओहोटीच्या उजेडात पृष्ठभागावर सरकतात आणि भरती यायच्या आत खाली जातात, त्यामुळे तासाभराच्या फरकानं आकडा बदलतो.

यावर ‘मग सांडपाणी सोडत राहू, पक्ष्यांना बरंच आहे’ असं उत्तर ऐकू येतं. तेही तितकंच चूक. पोषकद्रव्यं एका मर्यादेपुढे गेली की विषारी सायनोबॅक्टेरिया माजू शकतात. केनियातल्या बोगोरिया आणि नाकुरू सरोवरांवर फ्लेमिंगो मोठ्या संख्येनं मेले तेव्हा त्यांच्या शरीरात अशी विषं आढळली. चिखल ०.५ मिमीच्या चाळणीतून धुवून रोझ बेंगाल या रंगानं रंगवला तर अतिप्रदूषित पट्ट्यात जीव पुष्कळ दिसतात, पण ते त्याच दोन-चार सोशिक जातींचे कृमी.  शिवाय गाळ साचून चिखल उंचावतो, त्यावर तिवर ही खारफुटी पसरते आणि चरायची मोकळी जागा घटते. खारफुटी वाढली म्हणून टाळ्या पडतात तेव्हा फ्लेमिंगोचं ताट लहान झालेलं असतं.

शेवटचं वाक्य, ‘लॉकडाऊन उठला आणि पक्षी गेले’. निर्बंध जून २०२० मध्ये शिथिल होऊ लागले. मुंबईत पाऊसही जूनमध्येच येतो आणि फ्लेमिंगो दरवर्षी त्याच सुमाराला निघतात, कारण प्रजननाची ठिकाणं कच्छच्या रणात आहेत आणि ती पावसाच्या पाण्यानं भरतात. जानेवारी २०२२ मध्ये बीएनएचएसनं ठाणे खाडीतल्या ६ फ्लेमिंगोंना उपग्रह टॅग लावले. त्यांतले पक्षी पावसाळ्याच्या सुमाराला गुजरातकडे गेल्याचं नकाशावर दिसलं. त्या वर्षी महाराष्ट्रातले कोविडचे निर्बंध एप्रिलच्या सुरुवातीलाच उठले होते.