खुलासा : मत्स्यजिरे निःशस्त्र नसतात

‘मत्स्यजिऱ्यांना (माशांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना) प्रतिकारशक्तीच नसते, म्हणून पहिल्या दिवसापासून टाकीत अँटिबायोटिक सोडा’ असा मेसेज मत्स्यपालकांमध्ये फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यातला सल्ला घातक आहे.

प्रयोगशाळेत अभ्यासला जाणारा छोटा मासा, झेब्राफिश घ्या. त्याचा गर्भ काचेसारखा पारदर्शक असतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली सगळं जिवंत दिसतं. फलनानंतर जेमतेम ३० तासांत, पिल्लू अजून अंड्यातच असताना, रक्तात सोडलेले जिवाणू भक्षकपेशी (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी) एकेक करून गिळून टाकतात. स्वतः पाहिलं की ‘प्रतिकारशक्ती नाही’ म्हणायची हिंमत होत नाही.

मेसेजमध्ये खरं एवढंच, की विशिष्ट रोगजंतू ओळखून लक्षात ठेवणारी फौज उशिरा उभी राहते. या फौजेतल्या टी-पेशी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून थायमस नावाच्या ग्रंथीत घडू लागतात. प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणाऱ्या बी-पेशींना काही आठवडे लागतात. तोवर आईकडून बलकातून आलेली प्रतिपिंडंही थोडा आधार देतात.

रोहू-कटल्याचे दिवस वेगळे, पण आधी भक्षकपेशी, मग प्रतिपिंडं हा क्रम तोच. सरसकट अँटिबायोटिकने रोगजंतूच औषधाला सरावतात. त्यापेक्षा टाकीतली गर्दी कमी करा, उरलेलं खाद्य रोज काढा, आणि लस द्यायचीच तर पिल्लं काही आठवड्यांची होऊ द्या.