हिऱ्याचा देश लॅबमध्ये कळतो, हे खरं नाही

सध्या एक मेसेज फिरतोय, की लॅबमध्ये हिरा तपासला की तो कुठल्या खाणीतला ते कळतं, म्हणून आता ब्लड डायमंड, म्हणजे बंडखोरांच्या लढाईला पैसा पुरवणारे हिरे, बाजारात येऊच शकत नाहीत. असं नाहीये. हिरा म्हणजे जवळपास शुद्ध कार्बन, त्यात इतर मूलद्रव्यं इतकी कमी असतात की सुट्ट्या खड्यावरून देश खात्रीने सांगता येईल अशी चाचणी अजून तरी नाही.

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचंच बघा. तिथले हिरे जुन्या वालुकाश्मातून झिजून नद्यांच्या गाळात पसरलेत, त्यामुळे मोठी खाण वगैरे नसतेच, माणसं फावड्याने वरची माती काढतात, खालची खडी पाण्यात चाळणीने धुतात आणि हाताने खडे निवडतात. अशा विखुरलेल्या खड्ड्यांवर पहारा कोण ठेवणार? 2013 मध्ये तिथे बंडखोरांनी सत्ता घेतल्यावर किंबर्ली प्रोसेसने (ब्लड डायमंडचा व्यापार रोखण्यासाठी देशांनी मिळून केलेली व्यवस्था) तिथल्या हिऱ्यांची निर्यात थांबवली, पण खिशात मावणारा खडा सीमेपलीकडे नेणं काही अवघड नाही, आणि एकदा दुसऱ्या देशाच्या मालात मिसळला की संपलंच.

मग भूवैज्ञानिक काय करतात? अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने सॅटेलाइट फोटोंवरून खड्डे मोजले, गाळात हिरे किती असू शकतात याचा हिशोब मांडला आणि त्यावरून उत्पादनाचा अंदाज काढला. म्हणजे तपास भागाचा होतो, एकेका खड्याचा नाही. आणि किंबर्ली प्रोसेसचं सर्टिफिकेटही कच्च्या हिऱ्यांच्या अख्ख्या पार्सलला मिळतं, अंगठीतल्या हिऱ्याला नाही.