‘परप्रांतीय गेले की मजुरी वाढेल’ या दाव्याला उत्तर

नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर वारंवार फिरत असतो. बाहेरून एक मजूर आला की एका स्थानिकाचे काम जाते, त्यांच्यामुळे मजुरीचे दर पडतात, इथे कमावलेला पैसा ते गावी पाठवतात आणि शहराच्या सोयींवर भार टाकतात, अशी विधाने त्यात आहेत. शेवटी अमेरिकेचा दाखला देऊन म्हटले आहे की परक्या मजुरांना परत पाठवले की स्थानिकांना काम आणि दाम दोन्ही मिळते. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत हाताला काम नसलेली माणसेही आहेत, त्यामुळे तो झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. मात्र त्यातली विधाने तपासली तर टिकत नाहीत, आणि त्यांवर विसंबून काही केले तर त्याचा फटका विदर्भातल्या मजुरालाच बसेल, असे माझे ठाम मत आहे.

शहरातली कामे मोजकीच असतात आणि एकाला मिळाले की दुसऱ्याचे जाते, ही समजूत पहिल्या विधानाच्या मुळाशी आहे. बेसा किंवा मनीषनगरकडे एखाद्या इमारतीचा स्लॅब ओतला जातो तो दिवस पाहावा. सळईची जाळी बांधणारी टोळी बहुधा बिहार किंवा बंगालची असते, घमेली वाहणारी जोडपी छत्तीसगडची असतात, सेंट्रिंगचा ठेकेदार सावनेरकडचा, कन्हानची रेती आणणारा टिप्परचालक पारशिवनीकडचा आणि जाळीत विजेचे पाइप टाकणारा मुलगा इथल्याच आयटीआयमधून निघालेला असतो. जाळी बांधून झाल्याशिवाय पाइप टाकता येत नाहीत आणि पाइप पडल्याशिवाय मिक्सर सुरू होत नाही. सळईवाली टोळी आली नाही तर त्या मुलाला तिच्या वाट्याचे काम मिळत नाही, उलट त्याचाही रोज बुडतो.

हे 2020 साली सगळ्यांनी पाहिले आहे. टाळेबंदीत वर्धा रोडने आणि जबलपूर रोडने पायी निघालेल्या मजुरांना अनेक नागपूरकरांनी जेवू घातले, आणि पुढे बांधकामांना परवानगी मिळाल्यावर माणसांअभावी कामे अडली. मजकुराचे गणित बरोबर असते तर तेवढ्या जागा स्थानिकांना मिळून ते दिवस त्यांच्यासाठी भरभराटीचे ठरायला हवे होते. प्रत्यक्षात हार्डवेअरचे दुकानदार, रंगारी, सुतार आणि टिप्परचालक हे सगळेच बसून राहिले.

मग नागपूरच्या कामगाराचे काम गेले कुठे? जमशेदजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल अनेक पिढ्यांना कायम नोकरी देत होती; ती 2002 मध्ये बंद झाली. जुनी यंत्रे, यंत्रमागांशी स्पर्धा आणि वर्षानुवर्षांचा तोटा यांनी देशभरातल्या कापड गिरण्या बसल्या, त्यात हीही गेली. पुढे हिंगणा आणि बुटीबोरीत कारखाने आले, पण तिथेही कायम पदांच्या जागी कंत्राटी कामगार घेण्याची पद्धत रुळली. या दोन्ही गोष्टींचा निर्णय कोणत्याही परप्रांतीय मजुराने घेतलेला नव्हता.

मजुरीबद्दलचे विधान अधिक गंभीर आहे आणि त्याला सरसकट खोटे म्हणता येणार नाही. या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या मायामी शहराचा आहे. एप्रिल ते ऑक्टोबर 1980 या काळात क्यूबातून सुमारे 1,25,000 माणसे बोटींनी अमेरिकेत आली, त्यांतली बरीच मायामीत राहिली आणि तिथले कामगारबळ सुमारे 7 टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तिथल्या कमी कौशल्याच्या कामगारांची मजुरी किंवा बेरोजगारी यांवर याचा जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी पुढे याच घटनेचा पुन्हा अभ्यास करून शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या पुरुषांची मजुरी बरीच घसरल्याचे मांडले. त्यावर इतर संशोधकांनी आक्षेप घेतला की त्यांचा नमुना फार लहान होता आणि त्यातल्या लोकांची घडणही त्या काळात बदलली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2016 मध्ये उपलब्ध संशोधन एकत्र तपासले, तेव्हा दीर्घ काळात एकूण मजुरीवरचा परिणाम अगदी थोडा असल्याचे दिसले, आणि जिथे झळ बसली तिथे ती प्रामुख्याने आधी आलेल्या स्थलांतरितांना बसली होती.

म्हणजे नव्या मजुराची खरी स्पर्धा त्याच्यासारखेच काम करणाऱ्याशी असते. रोजचे मजूर सकाळी कामासाठी जिथे जमतात त्या ठिय्यावर ज्या बाईचा भाव नवी टोळी आल्यावर खाली येतो ती बहुधा काही वर्षांपूर्वी बिलासपूरकडून आलेली रेजा (बांधकामावरची मजूर बाई) असते. तिची तक्रार खरी आहे. पण त्या टोळीला कमी दरात कोण राबवते, हेही पाहिले पाहिजे. मुकादम गावात जाऊन उचल देतो, ती फिटेपर्यंत मजूर काम सोडू शकत नाही, आणि दर मुकादम व ठेकेदार यांच्यात ठरतो. हे होऊ नये म्हणून 1979 मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. त्यात ठेकेदाराला परवाना, मजुराला छायाचित्रासह पासबुक, प्रवासभत्ता आणि त्याच कामासाठी स्थानिकाइतकेच वेतन या तरतुदी होत्या. हे शेवटचे कलम नीट पाळले गेले असते तर परप्रांतीय स्वस्तात मिळालाच नसता, आणि स्थानिकाला डावलण्याचे कारणही उरले नसते. तो कायदा मुख्यतः कागदावर राहिला आणि 2020 च्या कामगार संहितेत सामावला गेला.

गावी पैसे पाठवण्याच्या आक्षेपाला थोडक्यात उत्तर देता येते. मजूर मजुरीचा काही भाग घरी पाठवतो, पण त्याने बांधलेली इमारत नागपुरातच राहते आणि खोलीभाडे, किराणा व त्यावरचा कर इथेच जमा होतो. परदेशातल्या भारतीयांनी 2022 मध्ये 100 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवली, आणि तिचा आपल्याला अभिमान वाटतो. सोयींवर भार पडतो हे मात्र खरे आहे. मुलांची शाळा आणि दवाखाना यांचा खर्च आधी येतो. पण अमेरिकी विज्ञान अकादमीच्या त्याच अहवालात असेही आढळले की स्थलांतरितांच्या मुलांची पिढी मोठी होऊन कर भरण्यात आघाडीवर असते.

आता अमेरिकेच्या दाखल्याकडे वळू. तिथे हा प्रयोग खरोखर झालेला आहे. 1942 पासून ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकोतून हंगामी शेतमजूर येत असत, आणि स्थानिकांची मजुरी वाढावी म्हणून ती योजना 1964 च्या अखेरीस बंद करण्यात आली. क्लेमेन्स, लुइस आणि पोस्टेल या अर्थतज्ज्ञांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या मजुरांवर अवलंबून असलेल्या राज्यांची इतर राज्यांशी तुलना केली. अवलंबून असलेल्या राज्यांत मजुरी अधिक वेगाने वाढली नव्हती. टोमॅटोसारख्या पिकांत मालकांनी तोडणीची यंत्रे आणली आणि जिथे यंत्र चालत नव्हते तिथे काही पिकांचे उत्पादनच कमी केले. कापूस वेचणीला माणसे मिळत नाहीत म्हणून हवालदिल होणाऱ्या विदर्भातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

हा नियम इतर राज्यांनी आपल्याला लावला तर काय होईल, याचाही विचार या मजकुरात नाही. गडचिरोली, चंद्रपूर आणि गोंदियातली कुटुंबे दर उन्हाळ्याच्या तोंडावर मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात, आणि नागपूरचे अभियंते पुणे, हैदराबाद व बंगळुरूत नोकरी करतात. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत रायपूर, बिलासपूर, बालाघाट आणि छिंदवाडा यांचा कारभार नागपूरहूनच चालत होता, हेही विसरता येणार नाही. खासगी नोकऱ्यांत 75 टक्के स्थानिकांची अट घालणारा हरियाणाचा कायदा तिथल्या उच्च न्यायालयाने 2023 मध्ये घटनाबाह्य ठरवला. तसा कायदा टिकला असता तर त्याची नक्कल झाली असती आणि आपल्याच मुलांची वाट अडली असती.

ज्यांना स्थानिक मजुराची काळजी आहे त्यांच्यासाठी एक काम समोर आहे. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर कामगार कल्याण मंडळाकडे जमा होतो, पण त्याचा लाभ मिळवायला वर्षभरात 90 दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ठिय्यावरचा मजूर आज एकाकडे आणि उद्या दुसऱ्याकडे राबतो, आणि ते प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही, मग तो उमरेडचा असो की बिलासपूरचा. महापालिकेच्या झोन कार्यालयांनी सकाळी ठिय्यावर येऊन ही नोंदणी करावी, आणि कामगार विभागाने ठेकेदारांच्या हजेरीपत्रकावरचे दर तिथल्या तिथे मजुरांना विचारून पडताळावेत, अशी मागणी त्यांनी लावून धरावी.